रिकाम्या काट्यावर ऐंशी किलो

तारीख तेरा फेब्रुवारी, वार मंगळवार, वेळ सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटं. काट्यावर हजर माणसं अकरा. बूट आणि हेल्मेट धरून त्या अकरा जणांचं वजन सातशे साठ किलो. काट्यानं दाखवलेला आकडा – नऊशे साठ.

वरच्या दोनशे किलोंपैकी ऐंशी कुणाचे होते याचा मला अंदाज आहे. बाकीच्या एकशे वीस किलोंचा हिशेब आजपर्यंत लागलेला नाही.

या सदरात येणारे वाचकांचे गूढ अनुभव माझी बायको मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी मध्येच शंका काढतो. किती वाजले होते? अजून कोण होतं तिथे? दिवा चालू होता का? तिला त्याचा राग येतो. भूत, बाधा, करणी यातलं काहीच मी कधी मानलं नाही. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात एकच गोष्ट मानली – काटा खोटं बोलत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच जास्त अडचण होते आहे. पण तीच म्हणाली, "दुसऱ्याले इतके प्रश्न विचारता ना, आता स्वतःचं लिहा." म्हणून लिहितो. जे आकडे देतो ते माझ्या डायरीतले आहेत.

मी भिलाईला, मरोद्यात राहतो. वडील गोंदियाकडून स्टील प्लांटमध्ये आले आणि तिथूनच रिटायर झाले. मला प्लांटमध्ये नोकरी लागली नाही. हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात लोखंडी स्ट्रक्चर बनवणारी एक मध्यम फॅक्टरी आहे. तिच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, मी एकोणीस वर्षं आहे. फॅक्टरीचं नाव लिहीत नाही. वर्षही लिहीत नाही.

आमचा काटा साठ टनाचा. सोळा मीटर लांब, तीन मीटर रुंद लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याच्या खाली वजन घेणारे आठ लोडसेल. तो दहा-दहा किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो. ७५८ असेल तर ७६० दिसणार. बाजूला माझी केबिन, प्लॅटफॉर्मकडे उघडणारी खिडकी, आणि टेबलावर आकडा दाखवणारा इंडिकेटर. ड्रायव्हर लोकांसाठी बाहेर लाल आकड्यांचा मोठा डिस्प्ले होता, तो बंद पडलेला. दुरुस्तीचा अर्ज वर पडून होता. म्हणजे आकडा फक्त मलाच दिसायचा.

आदल्या एप्रिलमध्ये नवे प्लांट हेड आले. सगळे त्यांना साहेबच म्हणत. आल्या आल्या त्यांनी नऊची मीटिंग सुरू केली – सगळ्या सेक्शनचे अकरा इनचार्ज, रोज सकाळी, उभ्यानं. जागा निवडली काट्याचा प्लॅटफॉर्म. आवारात चिखल-धूळ नसलेली, सपाट अशी तेवढीच जागा, आणि ऑफिसच्या अगदी समोर. साहेब स्वतः काट्यावर चढत नसत. ऑफिसच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहत.

पद्धत अशी होती. ज्याचं काम मागं पडलं त्यानं रांगेतून एक पाऊल पुढं यायचं. "एक कदम आगे." मग आपली चूक आपल्याच तोंडानं सांगायची. ती सांगून झाली की साहेब म्हणत, "अब बगलवाला बताएगा." म्हणजे शेजारच्यानं त्या माणसाची आणखी एक चूक सांगायची. नाही सांगितली तर पुढचं पाऊल शेजारच्याचं.

साहेब शिवी देत नसत. आवाज चढवत नसत. त्यांनाही वरून फोन यायचे, आणि फोन आला की ते खुर्चीतून उठून उभ्यानं बोलायचे. हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

आधी आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे एका टेबलावर उघडत. सप्टेंबर येईपर्यंत जो तो आपल्या मशिनीपाशी, पाठ करून जेवायला लागला. आज कुणाजवळ बोललो आणि उद्या तेच काट्यावर ऐकावं लागलं तर... रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, सकाळी सहाला त्याचं उत्तर मागणारा दुसरा मेसेज. माझ्या आधीच्या अठरा वर्षांत फॅक्टरीतून चार जणांनी नोकरी सोडली होती. त्या दहा महिन्यांत सात जणांनी सोडली.

मी वाचलो होतो. काटा सोडून बाहेर जायचं नाही असा माझ्या कामाचा नियम, त्यामुळे मी खिडकीच्या आत खुर्चीवर. ते अकरा बाहेर, उभे. मला बरं वाटायचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

जुलैमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं.

समोर आकडा असला की मी वाचणार, ही सवयच. अकरा जण चढले की ७६०. सुरुवातीला बघून गंमत वाटली. वार्षिक मेडिकलचे फॉर्म मीच भरलेले, त्यामुळे वजनं माहीत होती – सगळ्यांची बेरीज ७४२. बूट-हेल्मेटचे माणशी दीड किलो धरले की साडेसोळा. झाले ७५८ आणि अर्धा. आकडा बरोबर.

पण एक दिवस मीटिंग संपता संपता तो ७९० होता.

कुणी चढलं नव्हतं. हातात कुणाच्या काही नव्हतं. लोक उतरले तर आकडा शून्य. आता ज्याला काट्याची माहिती आहे त्याला कळेल – काट्यात बिघाड असता, पाणी गेलं असतं, केबल कुरतडली असती, तर लोक उतरल्यावर आकडा शून्यावर परत आला नसता. आणि हा यायचा. रोज.

मी डायरीच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, पुढं कोण आलं. पहिल्या एक्केचाळीस दिवसांतच मेळ दिसला. ज्या दिवशी साहेब रायपूरला असत आणि मीटिंग दोन मिनिटांत उरके, त्या दिवशी ७६० ते ७६०. ज्या दिवशी कुणी पुढं आलं त्या दिवशी वाढ. शेजारचा बोलायला लागला की आणखी वाढ. कधी वीस, कधी चाळीस, एकदा सत्तर.

काट्याची सर्व्हिसिंग करायला रायपूरहून साहू म्हणून मेकॅनिक येतो. त्याला फोन करून तारखेआधीच बोलावला. कारण सांगितलं, "ड्रिफ्ट वाटतो, आकडा आपोआप सरकतो." त्यानं आपली प्रमाणित वजनं आणली होती, वीस-वीस किलोची. मी त्याला अडतीस वजनं ठेवायला लावली. अडतीस गुणिले वीस, सातशे साठ. आणि अर्धा तास आम्ही दोघं इंडिकेटरकडे बघत बसलो. आकडा हलला नाही.

"काँटा एकदम सही है भैया," साहू म्हणाला. "लोहा रखो चाहे आदमी, जो रखोगे वही बताएगा."

"माणसं ठेवली आणि वाढला तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तो आदमी में गड़बड़ है," म्हणाला आणि हसून अवजारं भरायला लागला.

आता लांजेवारबद्दल. दिगंबर लांजेवार, आमच्या फॅब्रिकेशन शॉपचा, म्हणजे लोखंड कापून जोडायच्या विभागाचा, इनचार्ज. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मूळचा भंडाऱ्याकडचा, अंगानं काटकुळा. मेडिकलच्या फॉर्ममध्ये वजन अठ्ठावन्न. फॅक्टरीत आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे जेवायच्या सुट्टीत तो अजूनही माझ्या केबिनमध्ये डबा घेऊन यायचा. मुलगी बारावीला, घराचं कर्ज डोक्यावर. नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता.

दिवाळीनंतर पुढं यायची पाळी बहुतेक त्याचीच असायची. त्याच्या शॉपमधून सोडून गेलेले चार वेल्डर भरले गेले नव्हते, काम तेवढंच होतं.

पहिल्या पहिल्यांदा तो थट्टा करायचा. "भाऊ, रोज काट्यावर उभे करून राहिले आमाले. भंगाराच्या भावानं विकून तर नाही टाकणार ना?"

"तुझे किती येतील बे," मी म्हणायचो. "तुझ्यापेक्षा तुझ्या बुटाचे जास्त येतील."

जानेवारीत थट्टा बंद झाली. डबा उघडायचा, दोन घास खायचा, झाकण लावायचा. एकदा डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाला. गॅस असंल म्हणाला. खिशात गोळ्यांची पट्टी असायची. रात्री झोप लागत नाही, तीन वाजता उठून उद्या सकाळी काय सांगायचं ते पाठ करतो, असंही एकदा बोलून गेला.

मी हे घरी सांगितलं. डायरीही दाखवली. बायकोनं चष्मा लावून पानं बघितली.

"हे कावून लिहून राहिले तुम्ही?"

"नोंद असावी म्हणून."

"नोंद कोणासाठी? तो माणूस सुकून राहिला, आन् तुम्ही त्याचं वजन लिहून राहिले. त्याले दवाखान्यात घेऊन जा ना."

नेतो म्हणालो. पुढच्या आठवड्यात नेऊ असं मनात ठरवलं.

आठ फेब्रुवारी, गुरुवार. लांजेवारच्या शॉपचा माल घेऊन एक ट्रक संध्याकाळी निघायचा होता. तो पंचवीस मिनिटं उशिरा निघाला. तिकडे पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, यार्डाचं गेट बंद झालं, गाडी रात्रभर बाहेर उभी राहिली. ट्रान्सपोर्टवाल्यानं थांबवल्याचे दोन हजार चारशे रुपये लावले.

मंगळवारी, तेरा तारखेला, मीटिंगमध्ये तेच निघालं.

सुरुवातीला ७६०. "एक कदम आगे." लांजेवार पुढं आला. खाली बघून त्यानं सांगितलं, माल उशिरा गेला, चूक माझी. ७९०. बगलवाला बोलला – पेंटिंगचा इनचार्ज, चांगला माणूस, त्याच्या घरी आम्ही जेवलेलो आहोत. तो म्हणाला, लांजेवारजी दोन दिवसांपासून फोन उचलत नाहीत. ८३०. त्याच्या पलीकडचा बोलला. ८८०. माझा हात पेनवर होता. एवढा आकडा मी कधी लिहिला नव्हता.

मग साहेबांनी खिडकीकडे बघितलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"रहांगडाले, तुम बताओ. तुम तो दोस्त हो इसके. तुम्हारे पास तो सब टाइम लिखा रहता है. कितना लेट था?"

अकराही माना माझ्याकडे वळल्या. लांजेवारनंही बघितलं.

मी रजिस्टर उघडलं. मला उघडायची गरज नव्हती, आकडा पाठ होता. मी म्हणालो, "पच्चीस मिनट, साहब."

इंडिकेटर ९६० झाला. माझ्या डोळ्यांसमोर. ८८० वरून एका झटक्यात, मधले टप्पे न घेता, जसा काट्यावर कुणी नवीन माणूस चढल्यावर होतो.

लांजेवार माझ्याकडे बघत होता. तोंड उघडलं, असं वाटलं काहीतरी बोलणार. मग म्हणाला, "जी साहब. पच्चीस मिनट." साहेबांनी सांगितलं, चोवीसशे रुपये याच्या पगारातून कापा. मीटिंग संपली.

दहा जण उतरले. लांजेवार उतरला नाही.

दहा जण उतरल्यावर एकट्या लांजेवारचे साठ दिसायला हवे होते. दिसत होते दोनशे साठ. हातानं आपोआप प्रिंटचं बटण दाबलं, सवयीनं. ती स्लिप माझ्याकडे आहे. गाडी नंबर – रिकामा. वजन – २६०. वेळ – नऊ सोळा.

मग मात्र मी पळालो. एकोणीस वर्षांत ड्युटीवर असताना केबिन उघडी टाकून पहिल्यांदा बाहेर आलो. लांजेवार प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा होता, चेहरा घामानं भिजलेला. त्या सकाळी चांगला गारवा होता.

"दिगू, चल. उतर."

"भाऊ, मले पाय उचलत नाही," तो म्हणाला. हळू, अगदी साध्या आवाजात. "लय जड झालं."

मी त्याला कमरेतून धरला. अठ्ठावन्न किलोचा माणूस – मी घरी याच्याहून जड गव्हाचं पोतं सहज उचलतो. तो मला हलवेना. शेवटी पेंटिंगवाला धावत आला, आम्ही दोघांनी ओढून त्याला काठापर्यंत आणलं. काठावरून खाली घेतल्याबरोबर तो हलका झाला. इतका एकदम, की आम्ही तिघंही पडता पडता राहिलो. पेंटिंगवाल्याला विचारा, तोही हेच सांगेल. फक्त त्याला हा विषय काढलेला आवडत नाही.

त्याच्याच गाडीतून लांजेवारला घेऊन आम्ही जवळच्या खाजगी दवाखान्यात गेलो. हार्ट अटॅक होता. एक नस जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास इकडे-तिकडे झाला असता तर सांगता आलं नसतं. लांजेवारची बायको वैशाली तोवर पोचली होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "ऑफिस का टेंशन रहता है क्या?"

"टेंशन तो सबको रहता है," ती म्हणाली. नवऱ्याचे बूट तिच्या हातात होते.

दुपारी तीनला फॅक्टरीत परतलो. प्लॅटफॉर्म रिकामा. माझ्या मागं कुणी गाडी तोललीच नव्हती. इंडिकेटरवर ८०.

मी बाहेर जाऊन प्लॅटफॉर्मखाली वाकून बघितलं. दगड, कुत्रं, काही अडकलेलं, काहीच नाही. झिरोचं बटण दाबलं, शून्य झालं. गाड्या तोलल्या, वजनं चोख आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रिकाम्या काट्यावर पुन्हा ८०. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. साहूला बोलावलं. त्यानं आठही लोडसेल बघितले, केबल बघितल्या, अर्थिंग बघितलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नऊपर्यंत थांबला आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी ऐंशी बघितले. या वेळी हसला नाही. चहासुद्धा न घेता गेला.

संध्याकाळी मी दवाखान्यात जायचो. तिथे पॅसेजमध्ये वजनाचं मशीन होतं. उगाच, थांबलो होतो म्हणून, त्यावर उभा राहिलो. बूट घालून एकोणऐंशी किलो.

दहाच्या टप्प्यानं दाखवणाऱ्या काट्यावर एकोणऐंशीचे किती होतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मशीनवरून उतरलो आणि बाकावर बसून राहिलो.

रात्री बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, "गाडी पंचवीस मिनिटं उशिरा निघाली, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मंग तुमाले भीती कशाची वाटून राहिली?"

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं.

त्या गुरुवारी ट्रक भरून माझ्याकडे आला तेव्हा तो सात मिनिटं लेट होता. बाकीची अठरा मिनिटं तो माझ्या काट्यावर उभा होता. माल भरण्याआधी घेतलेलं रिकाम्या गाडीचं वजन मागच्या खेपेपेक्षा वीस किलोंनी कमी लागलं होतं, आणि फरक सापडल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. वीस किलो साठ टनाच्या काट्यावर काहीच नाही. पण मी कागद उलटेपालटे केले, ड्रायव्हरला खाली उतरवलं, तपासलं. शेवटी कळलं की त्यानं एक जुना जॅक आणि साखळी घरी काढून ठेवली होती. फरक सापडला. मला समाधान वाटलं. अठरा मिनिटं गेली. ती रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात आहेत – गाडी आत, गाडी बाहेर.

मंगळवारी मी आकडा खरा सांगितला. पूर्ण सांगितला नाही. आणि लांजेवारला ते माहीत होतं. त्याची गाडी, तो स्वतः माझ्या खिडकीपाशी उभा राहून घड्याळ बघत होता.

बायको म्हणाली, "उद्या जाऊन सांगा."

उद्या गेलो नाही. आणखी एक आठवडा गेलो नाही. मीटिंग तीन दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाली होती. लांजेवार नसल्यानं दहा माणसं, म्हणजे सातशे हवेत. काटा रोज पहिल्या मिनिटापासून ७८० दाखवायचा. साहेब कुणाला पुढं बोलवायचे, बगलवाला बोलायचा, वर दहा-वीस चढायचे-उतरायचे, पण ते ऐंशी तिथेच. मी खिडकीतून दहा माणसं मोजायचो. परत मोजायचो. अकरावा कुठे उभा असेल ते शोधायचो. एकदा तर रांगेत डावीकडून तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये एका माणसाएवढी जागा सुटलेली दिसली. कुणी मुद्दाम सोडली नव्हती. उभे राहताना ते आपोआप तेवढं सरकून उभे राहिले होते.

तेवीस फेब्रुवारी, शुक्रवार. नऊ वाजून सहा मिनिटांनी मी केबिनचं दार उघडून बाहेर आलो आणि काट्यावर चढलो. त्या मोकळ्या जागेत उभा राहिलो, मग एक पाऊल पुढं आलो.

साहेब म्हणाले, "तुमको किसने बुलाया?"

मी सांगितलं. पंचवीसमधली सात मिनिटं लांजेवारची, अठरा माझी. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, का थांबवली, सगळं. रजिस्टर बरोबर नेलं होतं, वाचून दाखवलं. सांगायला दोन मिनिटं लागली असतील.

साहेबांनी रजिस्टर मागितलं नाही. म्हणाले, मेमो मिळेल. लांजेवारची कटौती झाली ती झाली. आणि मग नेहमीप्रमाणे, "अब बगलवाला बताएगा."

माझ्या शेजारी पेंटिंगवाला होता. तो समोर बघत उभा राहिला. काही बोलला नाही. साहेबांनी त्याच्या पुढच्याला विचारलं. तोही बोलला नाही. त्याच्या पुढचा खोकला, आणि गप्प झाला. साहेब पायरीवर उभे, आम्ही काट्यावर उभे. बाहेर रस्त्यावर गाड्या हॉर्न देत होत्या. मग साहेब म्हणाले, "काम पे जाओ रहांगडाले," आणि मी उतरून केबिनमध्ये आलो.

बाकीचे अजून प्लॅटफॉर्मवरच होते. मी खुर्चीत बसायच्या आधी इंडिकेटर बघितला.

दहा माणसं. सातशे.

त्या दिवसापासून रिकाम्या काट्यावर पुन्हा कधी काही दिसलं नाही. मीटिंग बंद झाली, असं समजू नका. आठवड्याभरात ती आतल्या शेडमध्ये गेली, सिमेंटच्या फरशीवर. पद्धत तीच आहे. फक्त आता तिथे आकडा दाखवायला काही नाही.

मी काट्याच्या कंपनीला पत्र लिहिलं, कुणाचं नाव न घेता. त्यांचं उत्तर आलं, ओलावा किंवा अर्थिंगचा दोष असू शकतो. काट्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचंच राहतं. मी मागायला गेलो तोवर पुसलं गेलं होतं. ऐंशी किलो माझे होते असं मी धरून चालतो, पण तसं का व्हावं हे मला सांगता येत नाही. बाकीचे एकशे वीस लांजेवार उतरल्यावर कुठे गेले, तेही नाही. तुमच्यापैकी कुणी काट्याच्या कामात असेल आणि साधं तांत्रिक कारण देऊ शकत असेल, तर मला ते मनापासून हवं आहे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी लांजेवारच्या घरी गेलो. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, आणखी वाळलेला. वैशालीवहिनींनी चहा आणला.

"त्या दिवशी बोलला कावून नाही?" मी विचारलं. "तुले माहीत होतं ना, गाडी माझ्याकडं अठरा मिनिटं उभी होती."

"होतं ना."

"मंग?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमाले बाहेर यावं लागलं असतं." तो हसला. "तुमी एकटेच तर वाचले होते भाऊ. एक तरी राहू द्यावा म्हटलं."

मग म्हणाला, "पण मले वाटलं तुमी आले होते."

"कधी?"

"तुमी पंचवीस मिनिटं म्हणाले ना, तेव्हा. माझ्या डाव्या बाजूले कोणी येऊन उभं राहिलं. खांद्याले खांदा लागला. मले वाटलं, आले भाऊ, आता बोलतील. म्हणून मी वाट पाहिली."

मी खिशातून पाकीट काढून त्याच्या पुढं ठेवलं. त्यानं उघडून मोजले.

"हे काय? सतराशे अठ्ठावीस?"

"पंचवीस मिनिटांचे चोवीसशे. मिनिटाला शहाण्णव. अठरा मिनिटांचे इतके होतात."

"आन् बाकीचे सहाशे बहात्तर?"

"ती सात मिनिटं तुझी होती."

वहिनी दारातच थांबल्या. लांजेवार माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला, छातीवर हात धरून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू. नोटा त्यानं उशीखाली सरकवल्या.

एक हजार सातशे अठ्ठावीस रुपये, रोख, दिगंबर लांजेवार यांना, त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नीसमोर दिले. पावती घेतली नाही.